साठ व्होल्टनंतर

फिल्म मी ओततो. बाकी सगळं नूरदान करते.
काचेच्या चकतीवर पॉलिमरचं एक बोटभर द्रावण,
मिनिटाला तीन हजार गिरक्या,
आणि उरतो तो केसाच्या सत्तराव्या हिश्श्याएवढा पडदा,
असून नसल्यासारखा. दिवा तिरपा धरला
तर तेवढा एक जांभळट रंग हलतो,
पेट्रोलपंपावरच्या डबक्यात हलतो तसा.

अडतीस वर्षं हेच. एन्स्खेडेतल्या गिरण्या मिटल्या,
माझे दोन्ही मामा घरी बसले,
मी विद्यापीठात लागलो,
कारण माझे हात कापत नव्हते. एवढीच लायकी.

नूरदान फिल्मवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवते.
तो टेकतो, पण बसत नाही.
बागेतल्या कोबीवर पहाटे पाणी असतं तसा,
गोल, आपल्यातच,
बूट न काढता दारात उभ्या पाहुण्यासारखा.
वरून एक तार त्याच्या पाठीत खुपसायची,
खालच्या काचेला वीज द्यायची.
वीस व्होल्ट: ढिम्म.
चाळीस: खांदे उतरतात.
साठ: आता अंग टाकतो, पसरतो,
घरचा होतो.
बटण बंद केलं की पुन्हा गोल.
जणू ओळखच नाही.

मंगळवारी तिचे आजोबा आले. याकूप.
सदुसष्ट साली अनातोलियातून इथल्या विणखात्यात,
बावीस वर्षांचे, एका पत्र्याच्या पेटीनिशी.
त्यांच्यासाठी तिने थेंब चालवून दाखवला:
एकामागून एक पट्ट्या जिवंत करत,
पुढची चालू, मागची बंद,
आणि तो निघाला, डुलत,
वळणावर थबकला, वळला,
दुसऱ्या थेंबाला भेटला, एक झाला.
आजोबा भिंगातून बघत राहिले. बराच वेळ.
मग तुर्कीत काहीतरी म्हणाले.
नूरदानने आधी चुकीचं सांगितलं, मग थांबून नीट:

"हवा कोरडी झाली की सुतात वीज भरायची,
तंतू एकमेकांपासून फिसकारून उठायचे, धागे तुटायचे.
मग आम्ही जमिनीवर बादल्यांनी पाणी मारायचो.
तिथे पाणी विजेला गप्प करायचं.
तुम्ही उलटंच शिकवलंत."

मी हसलो. मामाही पाणी मारायचे,
त्यांचे बूट कायम ओले. हे मी बोललो नाही.

साठच्या पुढे थेंब ऐकत नाही.
सत्तर द्या, ऐंशी द्या, कोन तिथेच अडतो.
सूत्राप्रमाणे तो एव्हाना
चादरीसारखा सपाट व्हायला हवा.
का होत नाही, यावर आमच्या प्रोफेसरांचं
दर दोन वर्षांनी वेगळं मत असतं:
फिल्ममध्ये वीज अडकून बसते,
काठावरून बारीक तुषार उडतात,
हवाच फुटते.
मला वाटतं, त्यालाही कुठेतरी पुरे म्हणायचं असतं.
पण हे कुठल्या शोधनिबंधात लिहिता येत नाही,
आणि खरंही नसेल.

आजोबा बघतायत म्हणून असेल,
नूरदानने पंचाण्णववर नेलं.

टच्.

एवढासाच आवाज. थेंबाच्या पोटात बुडबुडे उठले,
फिल्मला सुईच्या टोकाहून लहान भोक,
भोवती करपट कडं.
खाली धुळीचा कण राहिला असणार. म्हणजे माझीच चूक.
ती तसं म्हणाली नाही,
वहीत तारीख आणि आकडा लिहिला,
पेन जरा जोरात दाबून.

"तुटला?" आजोबांनी विचारलं. डचमध्ये, मला.
तुटला, म्हणालो.
त्यांनी दोन्ही हात वर घेतले
आणि हवेतच, न दिसणारी दोन टोकं धरून,
अंगठा, तर्जनी, एक फास, एक ओढ:
विणकऱ्याची गाठ.
अर्ध्या सेकंदात. पंचाहत्तरीची बोटं.

फिल्मला गाठ मारता येत नाही,
हे त्यांना कोण सांगणार.
मी नवी काच काढली,
पुसली,
दिव्याखाली तिरपी धरली, पुन्हा पुसली.